‘मेहनती आहे बिचारी!’

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्याकडे घरोघरी दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले असे : ‘‘डोके आहे हो त्याला, पण अभ्यासच करत नाही.’’ हे सांगताना आईवडिलांच्या सुरात तक्रार कमी आणि कौतुक जास्त असते. दुसरे वाक्य : ‘‘मेहनती आहे बिचारी.’’ यातला ‘बिचारी’ हा शब्द सगळे सांगून जातो. पहाटे उठून, एकेक गणित दहा-दहा वेळा सोडवून जी मुलगी चांगले गुण मिळवते तिची आपल्याला दया येते. आणि ज्याने पुस्तक उघडलेच नाही आणि तरी कसाबसा पास झाला, त्याच्याकडे आपण निद्रिस्त ज्वालामुखीकडे पाहावे तसे पाहतो. डोके ही देवाची देणगी, आणि ती ज्याला मिळाली नाही त्याने करायची भरपाई म्हणजे मेहनत, असा काहीसा हिशेब आपल्या मनात पक्का बसलेला आहे.

आपली भाषाही या हिशेबाला सामील आहे. ‘हुशार’, ‘चलाख’, ‘तल्लख’, ‘कुशाग्र’ असे शब्द एकीकडे. दुसरीकडे ‘मठ्ठ’, ‘मद्दड’ आणि सर्वांत वाईट म्हणजे नुसते एक अक्षर, ‘ढ’. ब्राह्मी लिपीपासून देवनागरीपर्यंत सगळी अक्षरे बदलत गेली, एकटा ‘ढ’ होता तसाच राहिला, म्हणून प्रगती न करणाऱ्याला ‘ढ’ म्हणायचे, अशी व्युत्पत्ती सांगतात. खरी असो वा नसो, मोठी मजेदार आहे. पण ज्या मुलाला वर्गात हे अक्षर चिकटते त्याला त्यातली मजा कळत नाही.

या हिशेबावर १८६९ सालच्या डिसेंबर महिन्यात इंग्लंडमधल्या दोन भावांमध्ये पत्रापत्री झाली होती. एक चार्ल्स डार्विन, वय साठ, जगप्रसिद्ध. दुसरा फ्रान्सिस गाल्टन, तेरा वर्षांनी लहान. इंग्रजीत दोघांना ‘कझिन’ म्हटले की काम भागते; आपण नीट सांगू शकतो. गाल्टन हा डार्विनचा आतेभाऊ, तोही सावत्र आत्याचा मुलगा. दोघांचे आजोबा एकच : वैद्य, कवी आणि विक्षिप्त विद्वान इरॅस्मस डार्विन. आज्या मात्र दोन. गाल्टनने त्या वर्षी एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले होते. प्रतिभा आनुवंशिक असते, ती घराण्यात उतरते, हे त्याने न्यायाधीश, मुत्सद्दी, सेनापती, कवी, शास्त्रज्ञ यांचे वंशवृक्ष मांडून दाखवले होते. डार्विनने पन्नासेक पाने वाचली आणि राहवेना म्हणून पत्र लिहिले. पुस्तकाची त्याने तोंडभरून स्तुती केली. मग लिहिले की, एका अर्थाने तू एका विरोधकाचे मतपरिवर्तन केले आहेस. कारण मी आजवर असेच म्हणत आलो, की निव्वळ मूर्ख सोडले तर माणसामाणसांत बुद्धीचा फारसा फरक नसतो, फरक असतो तो उत्साहाचा आणि कष्टांचा. आणि हा फरक अत्यंत महत्त्वाचा आहे असे मला अजूनही वाटते.

शेवटचे वाक्य लक्षात घेण्यासारखे आहे. मतपरिवर्तन झाले म्हणायचे आणि जाता जाता मूळ मतही सोडायचे नाही! डार्विनचा हा स्वभावच होता. परंतु हे मत त्याने पुस्तकांतून उचललेले नव्हते. ते त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून आलेले होते.

लहानपणी डार्विन ‘ढ’ होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्याच्या वडिलांना आणि मास्तरांना तो चारचौघांपेक्षा जरा खालचाच वाटे, असे त्याने आत्मवृत्तात स्वतःच नोंदवून ठेवले आहे. धाकटी बहीण कॅथरीन त्याच्यापेक्षा पुष्कळ लवकर शिकायची. श्रूजबरीच्या शाळेत लॅटिन आणि ग्रीक यांचा रट्टा असे. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळात तो होमर किंवा व्हर्जिल यांच्या चाळीस-पन्नास ओळी पाठ करून टाकी आणि अठ्ठेचाळीस तासांत सगळ्या विसरून जाई. थोरल्या भावाबरोबर घरच्या अवजारांच्या खोलीत रसायनांचे प्रयोग करतो म्हणून हेडमास्तरांनी सर्वांदेखत कानउघाडणी केली. वडील नामांकित डॉक्टर. त्यांनी मुलाला वैद्यकीसाठी एडिंबरोला धाडले. तिथे गुंगीच्या औषधाशिवाय चाललेली शस्त्रक्रिया पाहून स्वारी पळाली. मग पाद्री करावे म्हणून केंब्रिजला. गणिताने तिथे छळले. शिकवणी लावूनही बीजगणिताच्या पहिल्या पायऱ्यांत काही अर्थ दिसेना. अखेर १८३१ साली साधी पदवी मिळाली, ऑनर्स नाही.

मग या मुलाने केंब्रिजमध्ये केले काय? भुंगेरे गोळा केले. एकदा जुन्या झाडाची साल सोलताना दोन दुर्मीळ भुंगेरे दिसले, ते त्याने दोन हातांत पकडले. तेवढ्यात तिसरा, निराळ्याच जातीचा. तो सोडवेना. उजव्या हातातला भुंगेरा त्याने सरळ तोंडात टाकला! त्या प्राण्याने असा काही जळजळीत रस सोडला, की जीभ भाजली, तो थुंकावा लागला, आणि तिसराही निसटला. आपल्या घरात एखाद्या पोराने असे केले तर आपण त्याला काय म्हणू, हे सांगायला नको.

‘बीगल’ जहाजावर त्याची वर्णी लागली तीही नाक मुठीत धरून, आणि हा वाक्प्रचार इथे जवळजवळ शब्दशः लागू आहे. कप्तान फिट्झरॉय याचा चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याच्या विद्येवर विश्वास होता. असे नाक असलेल्या माणसात सफरीला लागणारी जिद्द आणि निर्धार असणे शक्य नाही, असे त्याला वाटले होते. वडिलांचाही विरोध होता. मामा जोसाया वेजवुड मध्ये पडला म्हणून परवानगी मिळाली. १८३१ च्या डिसेंबरात निघालेले जहाज १८३६ च्या ऑक्टोबरात परतले. पाच वर्षे या नाकवाल्या माणसाने सतत बोट लागत असतानाही नमुने गोळा केले, टिपणे लिहिली, डोंगर तुडवले. माणसाच्या अंगचे गुण वरून ओळखता येतात असे मानणाऱ्यांनी नाकाची ही गोष्ट विसरू नये. मापाची साधने पुढे बदलली, खोड मात्र गेली नाही.

आता दुसऱ्या भावाकडे पाहू. गाल्टन हा घरातला शेंडेफळ आणि लहानपणचा चमत्कार. थोरली बहीण अॅडेल त्याला शिकवी. पाचवा वाढदिवस उद्यावर आला असताना त्याने तिला पत्र लिहून आपल्या विद्येची यादी दिली : कोणतेही इंग्रजी पुस्तक वाचता येते, लॅटिन येते, बेरजा-गुणाकार येतात, थोडे फ्रेंचही वाचता येते. असे मूल केंब्रिजला गणितात झळकणार यात शंका कोणाला असणार? पण तिसऱ्या वर्षी अभ्यासाच्या ताणाने त्याची प्रकृतीच ढासळली आणि त्यालाही ऑनर्सविना साध्या पदवीवर समाधान मानावे लागले. म्हणजे घरातला चमत्कार आणि घरातला मंद मुलगा, दोघेही विद्यापीठातून एकाच दाराने बाहेर पडले.

केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेने गाल्टनच्या मनावर कायमची छाप टाकली. पुस्तकात त्याने तिचे गुण पुराव्यादाखल दिले आहेत : ऑनर्सच्या यादीत शेवटी येणाऱ्याला तीनशेहून कमी, तर पहिल्या आलेल्या ‘सीनिअर रँग्लर’ला साडेसात हजारांहून अधिक. एवढी तफावत नुसत्या अभ्यासाने पडेल काय, असा त्याचा सवाल होता. ‘रँग्लर’ हा शब्द मराठी माणसाला परका नाही. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली सीनिअर रँग्लर झाले आणि ती पदवी त्यांच्या नावाचाच भाग होऊन बसली. त्यांची बुद्धी वादातीत. पण ज्यांच्या आधाराने ते शिकले ते त्यांचे नातेवाईक धोंडो केशव कर्वे? सहावीच्या परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल ते पायी गेले, आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षेला बसू न देताच त्यांना परत पाठवण्यात आले. रँग्लर ते नव्हते. हिंगण्याहून पायपीट करत पुण्यात यायचे, कॉलेजात गणित शिकवायचे आणि परत जायचे, असा त्यांचा क्रम होता. महाराष्ट्राला दोघांचाही अभिमान आहे. पण दोघांपैकी कोणी काय उभे केले याची मोजदाद करायला गाल्टनचे कोष्टक पुरे पडणार नाही.

डार्विनकडे परत येऊ. उत्क्रांतीची कल्पना त्याला सुचली, हे सगळ्यांना ठाऊक असते. कल्पना सुचल्यानंतर त्याने काय केले हे फारसे कोणी सांगत नाही. १८४६ साली त्याने चिली देशाच्या किनाऱ्यावर सापडलेला एक विचित्र, इवलासा बार्नेकल तपासायला घेतला. बार्नेकल म्हणजे खडकांना, होड्यांच्या तळाला चिकटून बसणारे ते खरखरीत पांढरे कवचधारी जीव. एक समजून घ्यायचा तर दुसरे पाहावे लागतात, दुसरे पाहायचे तर तिसरे. असे करता करता आठ वर्षे गेली! जगभरातून खोकी येत होती, सूक्ष्मदर्शकाखाली चिरफाड चालली होती, आणि शेवटी चार ग्रंथ झाले. बाप म्हणजे बार्नेकल चिरणारा माणूस, अशीच त्याच्या मुलांची समजूत झाली होती. शेजारच्या एका गृहस्थांविषयी बोलणे निघाले तेव्हा, ते आपले बार्नेकल कुठे बसून करतात, असे एका मुलाने निरागसपणे विचारले म्हणतात.

बिया समुद्र ओलांडून जाऊ शकतात काय, हा आणखी एक प्रश्न. तर्काने उत्तर देता आले असते. डार्विनने ८७ प्रकारच्या बिया खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवल्या. अठ्ठावीस दिवसांनंतर ६४ प्रकार रुजले, आणि काही तर १३७ दिवसांनंतरही. असे शेकडो लहानसहान प्रयोग पाठीशी घेऊन त्याचा मुख्य ग्रंथ १८५९ साली बाहेर पडला. तो वाचून, एवढी सोपी गोष्ट आपल्याला सुचू नये म्हणजे आपण केवढे मूर्ख, असे हक्सलेसारख्या तल्लख माणसाला वाटले. हक्सले डार्विनपेक्षा वाक्पटू, चपळ, कुशाग्र. त्याला ते सुचले नव्हते.

पण मला स्वतःला सर्वांत जास्त आवडते ती गांडुळांची गोष्ट. त्याच वेजवुड मामाने १८३७ साली भाच्याला आपले शेत दाखवले. पूर्वी वर पसरलेला चुना आणि निखाऱ्यांचा चुरा आता मातीखाली गेला होता. हे काम गांडुळांचे असावे, असे मामाचे म्हणणे. भाच्याने त्याच वर्षी त्यावर एक छोटा निबंध वाचला. (पुढे त्याने मामाची मुलगी एमा हिच्याशीच लग्न केले, आपल्याकडच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.) दुसरा कोणी असता तर विषय तिथे संपला असता. डार्विनने १८४२ साली २० डिसेंबरला घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि वाट पाहिली. १८७१ च्या नोव्हेंबरात, म्हणजे एकोणतीस वर्षांनी, तिथे चर खणला. सात इंच खोलीवर पांढऱ्या तुकड्यांची ओळ सरळ दिसत होती.

मग गांडुळे कुंड्यांतून घरात आली. त्यांना ऐकू येते काय हे पाहण्यासाठी मुलाने बसून वाद्य वाजवले, शिट्टी फुंकली, पियानो वाजवला गेला. गांडुळे ढिम्म. पण कुंडी पियानोवरच ठेवून एक सूर दाबला, तशी ती झटकन बिळात गेली. आवाज नव्हे, हादरा कळत होता. बिळाचे तोंड पानांनी बंद करताना पान कोणत्या टोकाने ओढायचे हे गांडुळाला कळते काय? डार्विनने कागदाचे ३०३ त्रिकोण कापले, ओलाव्याने ते लिबलिबीत होऊ नयेत म्हणून त्यांना चरबी चोळली, आणि रात्री अंगणात टाकले. सकाळी मोजणी. शंभरातले ६२ त्रिकोण निमुळत्या टोकाने ओढलेले निघाले. यावरून, गांडुळांनाही थोडीफार अक्कल असावी, असा निष्कर्ष त्याने काढला. एक भाऊ थोर घराण्यांतल्या बुद्धीची प्रतवारी लावत होता, दुसरा गांडुळाला अकलेचे श्रेय देत होता!

ते पुस्तक १८८१ साली आले, आणि काही आठवड्यांत हजारो प्रती खपल्या. पुष्कळ ठिकाणी दर एकरात वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा हिशेब त्यात होता. एवढासा दुबळा जीव एवढे काम कसे करील, असा आक्षेप पूर्वी एकाने घेतला होता. त्यावर डार्विनचे म्हणणे असे, की लहान पण सतत चालणाऱ्या कारणांची बेरीज माणसाला करता येत नाही. भूगर्भशास्त्राच्या आणि उत्क्रांतीच्या आड हीच अडचण आली. निकालाच्या दिवशी आपल्यालाही हीच बेरीज जमत नाही असे म्हटले तर फार ओढूनताणून होऊ नये.

अर्थात, डार्विनची गोष्ट सांगताना सोयीचे तेवढेच सांगणे बरे नव्हे. तो श्रीमंत बापाचा मुलगा होता. त्याला आयुष्यात एक दिवस नोकरी करावी लागली नाही. एकोणतीस वर्षे खडूची वाट पाहायला स्वतःची जागा आणि चालते घर लागते. दुसरे असे, की तो काही रात्रंदिवस राबत नव्हता. सततच्या आजारपणामुळे दिवसाचे मोजके तासच त्याला काम जमे. पण ते वर्षानुवर्षे, रोज. आणि तिसरे, त्या पत्रात नुसते कष्ट नाहीत, उत्साह आहे आणि कष्ट आहेत. होमरच्या पन्नास ओळी पाठ करणे हेही कष्टच होते, ते दोन दिवसांत वाहून गेले. क्लासच्या एका बाकावरून दुसऱ्या बाकावर मुलाला पिटाळत राहिल्याने डार्विन तयार होतो, असे त्याच्या चरित्राच्या आधाराने कोणी म्हणू नये.

गाल्टनचे उत्तरही तोलामोलाचे होते. कष्टाळूपणा हा स्वभावाचा भाग, आणि स्वभावही इतर गुणांसारखाच आनुवंशिक, असे तो म्हणाला. हा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. बुद्धीच्या आणि स्वभावाच्या जडणघडणीत आनुवंशिकतेचा वाटा असतो हे आजचे शास्त्रही मानते. खुद्द डार्विन आत्मवृत्तात गाल्टनकडे झुकलेला दिसतो. मात्र त्याच आत्मवृत्तात, आपल्यापाशी हजरजबाबी बुद्धी नाही, स्मरणशक्ती अंधूक, गणिती विचारांची लांब साखळी धरून ठेवता येत नाही, हे सांगून त्याने आपल्या यशाचे कारण म्हणून विज्ञानाचे प्रेम, एकाच विषयावर दीर्घकाळ विचार करण्याचा संयम आणि निरीक्षणातली चिकाटी यांची नावे घेतली आहेत. मत एकीकडे झुकले, साक्ष दुसरीकडे दिली गेली. गंमत अशी, की हवामानाच्या नकाशांपासून बोटांच्या ठशांपर्यंत दिसेल ते मोजत सुटलेल्या गाल्टनचे आयुष्यही मला उत्साह आणि कष्ट यांचेच उदाहरण वाटते.

हा वाद दोन भावांतच राहिला असता तर फारसे बिघडले नसते. पण गाल्टनने त्यातून ‘युजेनिक्स’, म्हणजे सुप्रजननशास्त्र, हा शब्द १८८३ साली घडवला आणि चांगल्या बीजाची पैदास वाढवावी, वाईटाची थांबवावी, या विचाराला विद्येची झूल चढली. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने याने बुद्धिमापनाची पहिली चाचणी बनवली ती कोणत्या मुलाला जादा मदत हवी हे शोधण्यासाठी. बुद्धी ठरलेलीच असते, ती वाढत नाही, असे मानणाऱ्यांवर त्याने कडक टीका केली होती. पण अमेरिकेत तीच चाचणी शिक्का मारण्याच्या कामी आली. ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या स्त्री-पुरुषांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाला १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही मान्यता दिली, आणि एकूण साठ हजारांहून अधिक माणसे या कायद्यांच्या कचाट्यात सापडली. जर्मनीने १९३३ साली काय आरंभले ते सर्वश्रुत आहे. ‘याच्यात मुळातच नाही हो’ या घरगुती वाक्याची ही दूरची भावंडे आहेत.

कॅलिफोर्नियात लुई टर्मन याने १९२१ साली दीड हजारांवर अतिहुशार मुले चाचणीने निवडली आणि त्यांच्या पुढच्या आयुष्याचा माग ठेवला. त्यांतून नोबेल विजेता निघाला नाही. चाचणी घेऊन, गुण कमी पडले म्हणून वगळलेल्या मुलांतून मात्र दोन निघाले : विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ. (आणि शॉकलीने म्हातारपणी आनुवंशिक बुद्धीचाच झेंडा खांद्यावर घेतला. माणसाचे काही सांगता येत नाही.) निवडलेल्यांपैकी सर्वांत यशस्वी दीडशे आणि सर्वांत मागे राहिलेले दीडशे पुरुष टर्मनने ताडून पाहिले. त्यांच्या बुद्ध्यंकांत फारसा फरक नव्हता. घरच्या परिस्थितीचा फरक होता, आणि होता तो चिकाटीचा, ध्येय धरून राहण्याचा, आत्मविश्वासाचा. डार्विनच्या पत्राला तेव्हा सुमारे पाऊणशे वर्षे होऊन गेली होती.

डार्विन वारला १९ एप्रिल १८८२ रोजी. त्याच्या दोनच आठवडे आधी ‘नेचर’ या साप्ताहिकात त्याचे एक छोटेसे टिपण छापून आले होते. विषय पुन्हा भुंगेराच. पाण्यातल्या एका भुंगेऱ्याच्या पायाला चिमुकला शिंपला घट्ट चिकटलेला सापडला होता. एका तळ्यातले प्राणी दुसऱ्या तळ्यात कसे पोचतात, या जुन्या कोड्याचा एक धागा त्यात होता. त्र्याहत्तर वर्षांच्या आजारी म्हाताऱ्याने पत्रांवर पत्रे पाठवून तपशील मागवले : शिंपला केवढा, पाय कोणता, किती वेळ चिकटून राहिला. नमुना पाठवणारा वॉल्टर क्रिक हा नॉर्दम्प्टनचा, बुटांच्या धंद्यातला माणूस; निसर्गनिरीक्षण हा त्याचा फावल्या वेळेचा नाद. त्याचा नातू फ्रान्सिस क्रिक याने १९५३ साली जेम्स वॉटसनबरोबर डीएनएची रचना उलगडली. गाल्टनला हे कळते, तर त्याने तातडीने पुस्तकात आणखी एक वंशवृक्ष घातला असता. आणि डार्विनने बहुधा विचारले असते, की तो भुंगेरा अजून जपून ठेवला आहे का.